चौथा वेढा

आण्यांचे नये पैसे झाले ते वर्ष, एकोणीसशे सत्तावन्न. वसईच्या बाजारात तेव्हा सगळे एकमेकांशी भांडत होते, आण्याचे सहा की सव्वासहा, आणि तो पाव पैसा कुणाच्या पदरात पडला म्हणून. पॉलिन टीचर त्या भांडणांमधून छत्री सांभाळत जायची आणि काही ऐकायची नाही. त्या वर्षी तिला सगळ्याचाच शीण आला होता. पाचूबंदरच्या घरापासून किल्ल्याच्या कडेने शाळेपर्यंत चालत जायचं, मुलींना बीजगणित शिकवायचं, चिखलाने जड झालेल्या चपला ओढत परत यायचं. ओटीवर बा बसलेला असायचा. त्याच्या मांडीवर एकच जाळं असायचं. दुपारी विणलेली गाठ तो संध्याकाळी सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विणायचा, कारण मे महिन्यापासून त्याच्याकडे कुणी जाळी घेऊन येत नव्हतं. रस्त्याने जाणारे लोक आत डोकावून "फ्लोराबाय, बरी हाय नं?" असं आयला विचारायचे. ओटीवरच्या माणसाला ओलांडून शब्द आत जायचे, आणि आय आतूनच हुंकार द्यायची. पॉलिन छत्री कोपऱ्यात उभी करायची, पाय धुवायची. एकतिसाव्या वर्षी माणूस इतकं थकतं का, हे तिला कुणाला विचारता आलं नसतं.

जुलैच्या एका दुपारी, खेळाच्या तासाला, तिला तो धक्का बसला. पावसाने उघडीप दिली होती आणि मुली ओल्या मैदानावर रस्सीखेच खेळत होत्या. एका बाजूला दहावीच्या थोराड मुली, दुसऱ्या बाजूला आठवीच्या. आठवीचा संघ घसरत घसरत व्हरांड्यापर्यंत आला. शेवटी उभी होती गास गावची एमिली, शेतकऱ्याघरची, चणीने एवढीशी. तिने काय केलं, तर दोराचं टोक व्हरांड्याच्या खांबाभोवती दोनदा फिरवलं आणि उभी राहिली. बस्स. पलीकडच्या थोराड मुली टाचा रोवून ओढत होत्या, चेहरे लाल झाले होते, एक तर चिखलात बसलीच, आणि दोर हलेना. एमिलीने तो एका हाताने धरला होता. हाताने कसला, अंगठा आणि एका बोटाने. दुसऱ्या हाताने ती नाक पुसत होती.

"टीचर, बघा ना हिची लबाडी!"

"लबाडी कसली? मी धरलाय की. खांबाला विचारा!"

पॉलिन हसली. किती दिवसांनी हसली याचंच तिला नवल वाटलं. मग ते हसू तसंच तोंडावर राहिलं, कारण तिला एमिलीची दोन बोटं दिसेनाशी झाली. त्यांच्या जागी दुसरी दोन बोटं होती, जाड, मिठाने भेगाळलेली. तिने घंटा व्हायच्या आधीच मुलींना वर्गात पाठवलं. दोर मात्र खांबाला तसाच राहू दिला, आणि सगळ्या गेल्यावर त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. काथ्याचा दोर होता. हात लावला की खरखरीत, केसाळ, चावणारा.

पाचूबंदरला मे सरताना होड्या पाण्यातून वर ओढतात. उतारावर आडवे ओंडके टाकायचे, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधायचा, तो वर वाळूत पुरलेल्या खांबाभोवती फिरवायचा आणि गडी लावून ओढायचं. गडी दम खायला थांबले की होडी मागे घसरू नये म्हणून खांबापाशी एक माणूस दोराचं टोक धरून बसतो. ते काम कुणालाही देत नाहीत. पॉलिनच्या लहानपणापासून ते काम डॉमनिकचं, तिच्या बाचं. खांबाभोवती वेढे घ्यायचे तीन. पहिला बापाच्या नावाने, दुसरा पुत्राच्या, तिसरा पवित्र आत्म्याच्या. तिच्या आज्यानेही तसेच घेतले होते. शेजारी होड्या ओढणारे हिंदू कोळीसुद्धा तीनच घ्यायचे, नावं आपापली. चौथा कुणी घेत नव्हतं. चौथ्याला नावच नव्हतं. आणि बा तो दोर दोन बोटांनी धरायचा. होडीची होडी उतारावर टांगलेली असायची आणि हा दुसऱ्या हाताने बिडी पेटवायचा. तो त्याचा थाट होता. गडी ओरडायचे, "डॉमनिक, धर नीट!" त्यावर हिरामण, होडीतला त्याचा भागीदार, होडीच्या मागून मान वर करून म्हणायचा, "त्याला काय सांगता? तो झोपेत पन धरील. बायकोला इचारा, धरलेलं सोडत नाय." सगळा किनारा हसायचा. आय पदराने तोंड झाकायची.

हिरामणचं काम मागचं. होडी पुढे सरकली की तिच्या खालून सुटलेले ओंडके उचलून पुढे आणून द्यायचे. मे महिन्यात होडी मागे घसरली त्या दिवशीही तो तिथेच वाकलेला होता.

दोर मात्र त्या दिवशी नवा होता. तिच्या धाकट्या भावाने, इग्नासने, मुंबईच्या गोदीतून आणलेला. इस्टरला तो दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून घरी आला तेव्हा अर्धं पाचूबंदर बघायला जमलं होतं. पांढराशुभ्र, नायलॉनचा, बोटीवरचा. "बा, हा कुजणार नाही. भिजून जड होणार नाही. तुझ्या नातवाच्या हयातीत तुटणार नाही," इग्नास म्हणाला. नातू अजून व्हायचा होता, इग्नासच्या बायकोला, जुलियानाला, तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. हिरामणने दोर गालाला लावून पाहिला. "इग्नास, यो दोर हाय का नवरीची रिबन? किती मऊ!" त्याने तो आपल्या बायकोच्या, मालनच्या अंबाड्याभोवती गुंडाळायचं नाटक केलं आणि मालनने त्याच्या हातावर चापट मारली. पॉलिनला ती चापट अजून ऐकू यायची. नंतरचं तिने पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ऐकला होता. लाकडाचा एक लांब घसरल्याचा आवाज, मग सगळं गप्प, आणि मग मालन.

दफन नव्हतं, हिरामणला त्याच्या हिंदू रीतीने जाळलं. चर्चची घंटा वाजली नाही एवढंच, बाकी सगळं गाव होतं. परत येताना लोक बोलत होते आणि त्या बोलण्यात एक सरळ हिशेब होता, कुणालाही कळेल असा. दोर तुटला का? नाय. वेढे कमी घेतले का? नाय, तीन घेतले, सगळ्यांनी बघितले. मंग काय झालं? हात सुटला. बिडी पेटवत असंल. दोराचा गुण तुटण्या-न तुटण्यावर ठरवायची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, आणि तो दोर तुटला नव्हता. इग्नासही रडत रडत तेच म्हणत होता, "दोर चांगला होता हो, दोर चांगला होता."  बाच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती, ती त्याने कुणाला दाखवली नाहीत. पॉलिनला ती पेज वाढताना दिसली होती. तिला वाटलं होतं, नंतर धरायला गेला असेल. उशिरा. तिनेही, इतरांसारखाच, तो सरळ हिशेब मनात मांडून ठेवला होता, आणि बाच्या पुढ्यात भाकर ठेवताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तास संपल्याची घंटा झाली आणि ती अकरावीच्या वर्गात गेली. त्या आठवड्यात लॉगॅरिदम चालू होते, एका पायावरचा लॉग दुसऱ्या पायावर कसा न्यायचा तो धडा. मुंबईच्या कॉलेजात तिला तो एका वयस्क प्राध्यापकांनी शिकवला होता, त्यांना दम्याचा त्रास होता आणि ते अर्धं वाक्य बोलून थांबायचे: जुन्या पायावरचा लॉग, त्याला भागायचं, नव्या पायाच्या लॉगने. तेवढ्या थांबण्यात तिला खिडकीतून ट्रामचा खडखडाट ऐकू यायचा आणि वाटायचं, आपण आता इथेच राहणार, ट्राम आणि आकड्यांच्या गावात. मग आयचं दुखणं, मग वसईची शाळा. तिने फळ्यावर एक्क्याऐंशी लिहिले. नऊच्या पायावर लॉग दोन, कारण नवाला नवाने एकदाच गुणलं की झालं. तीनच्या पायावर लॉग चार.

"मग टीचर, खरं उत्तर कोणतं? दोन की चार?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"दोन्ही. एक्क्याऐंशी आपल्या जागी आहेत. आपण नवाच्या ढांगेने गेलो तर दोन ढांगा, तिनाच्या ढांगेने गेलो तर चार."

"आणि तिनाच्या ढांगेने दोनच टाकल्या तर?"

"तर नवावरच राहिलो," पॉलिन म्हणाली, आणि खडू तिच्या बोटांत तसाच राहिला. मुली वाट बघत होत्या. प्रत्येक वेढा खेचणाऱ्याचं बळ काहीएका पटीने घटवतो. पहिल्याने जेवढ्या पटीने, दुसऱ्याने पुन्हा तेवढ्याच पटीने. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे वेढ्यांची संख्या हा लॉगच की. आणि पाया? पाया दोराचा. चावणाऱ्या दोराचा पाया वेगळा, रिबनसारख्या दोराचा वेगळा. बाने तीन ढांगा टाकल्या होत्या. तीनच टाकतात. कुठल्या पायावर, हे त्या किनाऱ्यावर कुणाला विचारायचंही ठाऊक नव्हतं. "टीचर, बरं नाही का?" असं कुणीतरी म्हणालं तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती आणि कशी बसली ते तिला आठवत नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिने अंगणातल्या लाकडी खांबापाशी आयचा मासळीचा तराजू, वजनं आणि रेतीची पोती मांडली. इग्नासच्या दोरातला उरलेला तुकडा आयने कपडे वाळत घालायला लावला होता. तिने तसं का केलं असेल, हे पॉलिनने कधी विचारलं नव्हतं. तिने तो सोडला आणि पाण्यात भिजवला.

"माजी वजनं कशाला गंजवतेस? उद्या बाजारात काय, तुजं तोंड बघून मासं तोलू?"

"पुसून देते, आय."

तिने आधी काथ्याचा एक वेढा घेतला. एका टोकाला शेराचं वजन, दुसऱ्याला रेती, मूठ मूठ वाढवत. आठ शेर झाले, दोर हलला नाही. नऊच्या आसपास सरकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग पांढरा दोर, ओला. तीन शेर झाले नाहीत तोच तो सुळकन निघाला आणि रेतीचं पोतं अंगणात आपटलं. ओटीवर बाचे हात थांबले. तिने मागे वळून बघितलं नाही. नऊ आणि तीन, पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणासारखे नीटनेटके, आणि तिला त्या नीटनेटकेपणाचा राग आला. ती पुन्हा पुन्हा पोतं बांधत राहिली, कधी पावणेतीन, कधी सव्वातीन. शेवटी तिच्यामागे पावलं वाजली. मे महिन्यापासून पहिल्यांदाच तो ओटी उतरून अंगणात आला होता.

"काय चाललंय?"

"बा, वेढे तीन घेतले होते नं?"

"तीनच घेतात."

"होडीचा ओढा वीस मणांचा धरला, म्हणजे आठशे शेर. काथ्याच्या दोराला तीन वेढे घेतले की तुमच्या हाताशी शेरभर उरतं. तेवढं दोन बोटांनी धरता येतं. या दोराला तीन वेढे घेतले तर उरतात तीस शेर."

तो खांबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेवढाच व्हता. एकदम आला. जसा मानूस अंगावर टाकला कोनी." थोड्या वेळाने त्याने तळवे उघडून स्वतःच बघितले. "मी दोनी हातांनी धरला, पॉलिन. पन तो आधीच पळत व्हता. सापासारखा. किती पायजे व्हते?"

"सहा."

"सहा," तो म्हणाला. त्या शब्दाची चव घेतल्यासारखा. पॉलिनला वाटलं, आता तो रडेल, किंवा बसेल तरी. तिलाच खूप बसावंसं वाटत होतं. ती भरभर बोलू लागली. तुमचा हात सुटला नव्हता, बा. मी सांगणार सगळ्यांना. पुढच्या रविवारी मिस्सानंतर, इथलाच खांब, इथलंच पोतं, लहान पोरालाही कळेल. मालनला आधी सांगते. फादरना सांगते.

"आनि मंग लोक काय इचारतील?"

"काय विचारणार? बघतील डोळ्यांनी."

"दोर कोनी आनला ते इचारतील."

अंगणात चिंचेच्या झाडाचं पाणी टपटपत होतं. आत आयने भांडं खाली ठेवलं. ती ऐकत होती हे दोघांनाही कळलं.

"इग्नासला काय ठाऊक होतं, बा?"

"मना तरी काय ठावं व्हतं? मना सोडला का?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो बाजारभाव सांगावा तसं सांगत होता. "तुज्या भावाला तू वळखतेस. तो लहानपनी मांजर मेली तरी जेवत नव्हता. त्याच्या बायकोच्या पोटात पोर हाय. मी म्हातारा झालो. माज्या अंगावर हाय ते ऱ्हाऊ दे, माज्या अंगाला सवय झाली."

पॉलिनला एकदम कॉलेजातली ट्राम ऐकू आली. तिला वाटलं, हे असंच असतं. एक्क्याऐंशी आपल्या जागी असतात. कुणाच्या ढांगेने मोजायचं, तेवढं माणसाच्या हातात. पण दुसऱ्याच क्षणी तिला दुसरं काही आठवलं. "बा, दोर कुणी टाकून दिलेला नाही. दोर चांगला, हात वाईट, असं ठरलंय. नारळीपुनवेनंतर होड्या त्याच दोराने उतरवणार. तुमच्या जागी आता व्हॅलेरियन धरणार. तो वेढे किती घेईल?"

 बाने ओला पांढरा दोर उचलला, खांबाभोवती फिरवला. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. तिथे थांबला. हात हवेत राहिला. पॉलिनला त्या हाताची अडचण दिसत होती. पुढे काही नव्हतं, नाव नव्हतं.

त्यानंतरचे दिवस ती शाळेत गेली, आली. वह्या तपासल्या. कुणाशी बोलली नाही. सांगितलं तर भाऊ जाईल, नाही सांगितलं तर किनाऱ्यावर कुणाचं तरी माणूस जाईल. ही दोन वाक्यं तिच्या डोक्यात अशी घासत राहिली की शेवटी त्यांना अर्थ उरला नाही, फक्त खरखर उरली.

होड्या उतरवायच्या दिवशी फादरनी पाणी शिंपडलं, हिंदू कोळ्यांनी नारळ वाहिले, आणि गडी खांबापाशी जमले. उतरवतानाही दोर धरावा लागतो, नाहीतर होडी सुसाट खाली जाते, आणि खाली ओंडके लावायला माणसं असतातच. बा घरातून निघाला तेव्हा आय त्याला नको म्हणाली नाही. पॉलिन त्याच्यामागे चालत गेली. गर्दीने वाट दिली. व्हॅलेरियन, पंचविशीचा, खांद्यांचा रुंद, हातात दोर घेऊन उभा होता. त्याच्याने राहवलं नाही.

"काका, बिडी आनलीत नं? पेटवून देऊ?"

दोघे-तिघे हसले. बा थांबला. मग असं बोलला की सगळ्यांना ऐकू जावं. "हात माजाच सुटला, त्या दिवशी. हिरामण माज्या हातानं गेला."  पॉलिनच्या नखांत खडूची भुकटी होती, ती ती कोरत राहिली. "मी नवस बोललोय. या खांबाला हिरामणच्या नावाचे वेढे पडायला पायजेत. देवाचे तीन, त्याच्यावर त्याचे तीन. जोवर या किनाऱ्यावरून होड्या उतरतील तोवर. मी मागतोय. माजं ऐकू नका. मालनला इचारा."

"सहा वेढे? दिवस इथंच जाईल की!" व्हॅलेरियन म्हणाला.

मालन बायकांमध्ये उभी होती. मे महिन्यापासून बाजारात ती आयच्या शेजारी टोपली लावायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ती आता बाच्या तोंडाकडे बघत होती, बराच वेळ, आणि पॉलिनला वाटलं ती थुंकेल. ती व्हॅलेरियनकडे वळली.

"घे रं. माज्या घोवाचं नाव घ्यायला तुजी जीभ झिजते का?"

त्याने घेतले. बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या. मग जरा लाजत, हिरामण. हिरामण. हिरामण. खाली माणसं ओंडक्यांवर वाकली, होडी सुटली. पॉलिनने डोळे मिटून घेतले आणि लाकडाच्या त्या लांब आवाजाची वाट बघितली. तो आला नाही. उघडले तेव्हा होडी हळूहळू, गरोदर बाईसारखी पाय जपत, पाण्याकडे चालली होती, आणि व्हॅलेरियन दोन बोटांनी दोर सोडत सगळ्यांकडे बघत होता. "बघितला हात?" तो ओरडला. "याला म्हनतात हात!"

बा तोवर घराच्या वाटेला लागला होता.

डॉमनिक पुढे सहा वर्षं जगला. पाणी शिंपडल्यावर तो दरवर्षी लांबून खांबावरचे वेढे मोजून यायचा. त्याच्या दफनाला लोक आले, आणि परत जाताना म्हणाले, चांगला होता, एकदाच हात सुटला. फ्लोराने पांढऱ्या दोरावर शेवटपर्यंत कपडे वाळत घातले. मालन पुन्हा तिच्याशी बोलू लागली, पण ओटीवर कधी चढली नाही. व्हॅलेरियन किनाऱ्यावरचा नावाजलेला धरणारा झाला, आणि म्हातारपणी आपल्या हाताची गोष्ट नातवंडांना सांगायचा. एमिली मठात गेली, नाशिककडच्या एका शाळेत खेळाची टीचर म्हणून राहिली. इग्नास गोदीत मुकादम झाला. त्याला मुलगा झाला, मग दोन मुली. बा म्हातारा झाला होता, त्याने धरायला नको होतं, एवढंच तो त्या दिवसाबद्दल बोलायचा, तेही मायेने. एका वर्षी व्हॅलेरियन तापाने पडला होता म्हणून होडी उतरवायला इग्नासने दोर धरला. त्याने सहाही नावं मोठ्याने घेतली, आणि खाली उभ्या असलेल्या पॉलिनने ती ऐकली.

तिने लग्न केलं नाही. निवृत्त होईपर्यंत ती दरवर्षी तो धडा शिकवत राहिली. मग होड्या ओढायला यंत्राचे रहाट आले, खांब कुजला, वेढे गेले. ती सत्तरीची असताना वाळूत खेळणारा एक पोरगा दुसऱ्याला खुंटीला दोरी कशी बांधायची ते दाखवत होता, नावं घेत घेत. तिला बघून त्याने विचारलं, "टीचर, हिरामण कंचा संत? चर्चमधे त्याचा फोटो नाय."

"आपल्याच किनाऱ्यावरचा," पॉलिन म्हणाली. आणि पोरगा चौथा वेढा घेईपर्यंत ती तिथे उभी राहिली.